चारनंतरची पाळी

पहाटे साडेचार. फजरच्या अजानीआधीच ती उठते. कुतुपालोंगच्या टेकडीवर बांबू-ताडपत्रीचं खोपट, त्याच्या कोपऱ्यात पडदा ओढून अंघोळ. बाहेरच्या न्हाणीघरात उजेडात लाज, अंधारात भीती. दिवसा संडासला जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या बायका इथे पुष्कळ.

बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यातली ही छावणी. 25 ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांवर रोहिंग्या या भागात पळून आले, त्यांत तीही. आता ती बायकांच्या केंद्रात स्वयंसेविका आहे. अशा अनेकजणी आहेत. हा त्यांच्यातल्या कुणाही एकीचा दिवस.

सात. गॅसवर भात. 2018 पासून सिलिंडर मिळू लागले आणि सरपणासाठी रानात जाणं, तिथे कुणी गाठेल ही धास्ती, दोन्ही कमी झालं. बायकांच्या सुरक्षिततेसाठी याहून कामाचं काही झालं असेल असं मला वाटत नाही. 

नऊ. बुरखा, छत्री, आणि केंद्र. बायका त्याला शांतीखाना म्हणतात. निर्वासितांना रीतसर नोकरीची मुभा नाही, म्हणून हिच्या पगाराला भत्ता म्हणायचं. आत शिवणयंत्रं, भरतकाम, मेंदी. दानशूर पाहुण्यांना हे विरंगुळ्याचं वाटतं. पण ‘शिवण शिकायला जाते’ असं सासूला सांगता येतं. ‘जीव घाबरा होतो’ म्हणून घराबाहेर पडता येत नाही.

साडेदहा. एक बाई येते. डोकं ठणकतं, अंग ठणकतं, गोळ्यांनी उतरत नाही.

“खाला, झोप लागते?”

“पहाटे लागते.”

“शेजारी कोण निजतं?”

‘तिकडे काय झालं’ हे ती विचारत नाही. म्यानमारच्या सैनिकांनी केलेले सामूहिक बलात्कार संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने 2018 च्या अहवालात नोंदवले आहेत. इथे पुरावा कुणाला द्यायचा नसतो. सुई चालत राहते. एखादी काही दिवसांनी आपणहून बोलते, एखादी कधीच नाही. शिवाय प्रत्येकीचं दुखणं राखाइनमधलंच असतं असंही नाही. नवऱ्याचा मार आजचा असतो, मुलीच्या लग्नाची घाई आजची असते. 2023 मध्ये माणशी महिन्याची अन्नमदत 12 डॉलरवरून 8 डॉलरवर आली होती (पुढे वाढवली). अशा वेळी घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

एक. घरभेटी. चिखल, उतार, वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या. आठवा महिना लागलेल्या एका सुनेला सुईणीकडे पाठवायचंय. सुनेशी बोलून भागत नाही. सासूजवळ बसावं लागतं, पान खावं लागतं.

चार. संस्थांच्या गाड्या शहराकडे परततात. रात्री छावणीत हत्यारबंद टोळ्या फिरतात, बाहेरचे बहुतेक लोक थांबत नाहीत. समुपदेशक, वाहनं, फायली, सगळं निघून जातं. खरी मदत कुठून येते ते यानंतर कळतं, आणि त्या मदतीला भत्ता नाही.

आठ. त्याच सुनेला कळा लागतात. चोवीस तास उघडं असलेलं प्रसूतिकेंद्र उताराच्या तळाशी. दाराशी शेजारणी जमतात. एक धाकट्या पोराला उचलते, दुसरी नवऱ्याला हाक मारायला धावते, बॅटरी तिसरीकडे.

“तिथे बाई आहे ना बघायला? बाप्या नको,” सासू विचारते.

“बाईच आहे. तू चप्पल घाल आधी.”