हरित पट्टा कशासाठी?

मुलांनो, वाणगाव स्टेशनवरून तुम्ही मुंबईकडे निघालात, की विरारपासून उंच इमारती सुरू होतात. तिथून पश्चिमेला, वसईच्या किनाऱ्याजवळ, केळी, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या आहेत. वाडी म्हणजे विहिरीच्या पाण्यावर वाढणारी बाग.

मुंबईत घरे महाग झाली, म्हणून लोक वसई-विरारला येऊ लागले. त्यांना घरे हवीच होती. परंतु 1988 नंतर शेतजमिनीवरही इमारती उठू लागल्या. टँकर भरण्यासाठी विहिरींतून पाण्याचा भरमसाट उपसा होऊ लागला.

किनाऱ्याजवळ जमिनीखालचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. गोडे पाणी फार उपसले, तर खारे पाणी आत शिरते. विहीर मचूळ होते आणि वाडी सुकते.

म्हणून मराठी लेखक व धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी ‘हरित वसई’ चळवळ उभारली. शेती आणि पाणी वाचवा, ही त्यांची मागणी होती.

आपल्या डहाणू तालुक्याचे काय? केंद्र सरकारने 20 जून 1991 रोजी तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1996 मध्ये त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदर नाकारले, आणि 2023 मध्ये त्याच बंदराला अटींसह परवानगी दिली.

यावरून काय कळते? कागदावरचा निर्णय बदलू शकतो. नियम असला, तरी गावाने जागे राहावे लागते. तुमच्या विहिरीचे पाणी आज गोडे आहे का? घरी मोठ्यांना विचारा.