माहेर सुटते पंधराव्या वर्षी

गेशा म्हटले की डोळ्यांपुढे येतो पांढराफटक चेहरा, लालचुटूक ओठ आणि मनात नको ती शंका! पण ‘गेशा’ या शब्दाचा अर्थच मुळी कलावंत. नाच, गाणे, तीन तारांचे शामिसेन वाजवणे आणि पाहुण्यांशी हसतखेळत बोलणे हा तिचा पेशा.

जपानच्या क्योटो शहरात गेशांच्या पाच वस्त्या आहेत. शिकाऊ मुलीला तिथे ‘माइको’ म्हणतात. शाळेची नऊ वर्षे संपली की १५-१६ व्या वर्षी मुलगी ‘ओकिया’त, म्हणजे गेशांच्या घरात राहायला येते. घरच्या मालकिणीला ‘आई’ म्हणायचे, आधीच्या गेशेला ‘ताई’. शिक्षण पाचेक वर्षांचे. जेवण, किमोनो, शिकवणी सारा खर्च ‘आई’चा, म्हणून पगार नाही, नुसता हातखर्च.

केसांचे तर विचारूच नका! माइकोचा अंबाडा स्वतःच्याच केसांचा. तो आठवडाभर मोडायचा नाही, म्हणून मानेखाली उंच उशी घेऊन झोपायचे. ताणून ताणून टाळूवरचे केस विरळ होतात ते वेगळेच. गेशा झाली की मग टोप चालतो आणि किमोनोची लाल गळपट्टी जाऊन पांढरी येते.

सगळेच गोड नाही. अल्पवयात आपल्याला दारू पाजली, अशी जाहीर तक्रार २०२२ साली एका माजी माइकोने केली आणि जपानभर चर्चा झाली.

आणि लग्न? ते केले की गेशापण सोडायचे! संसार की कला, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. तिथे मात्र तो रिवाजच आहे.