उत्तर आले, पण शेरा वाचला का?

– खास प्रतिनिधी

एका संगणकावरील आज्ञावलीने दुसऱ्या संगणकाकडून माहिती मागवायची आणि ती वापरकर्त्यापुढे मांडायची, या व्यवहारावर आज असंख्य सेवा उभ्या आहेत. हवामानाचा अंदाज असो, शेअरचे भाव असोत वा नकाशावरील रस्ता असो; ही माहिती बहुधा ‘वेब एपीआय’ नावाच्या दारातून येते आणि या दारावर ‘एचटीटीपी’ या संकेतप्रणालीची शिस्त चालते. मात्र, आलेल्या उत्तरातील मजकूर तेवढा उचलायचा आणि बाकीचे पाहायचेच नाही, अशी सवय नवशिक्या प्रोग्रॅमरांना चटकन लागते. या सवयीतून होणारी चूक आरडाओरडा करीत नाही. चुकीचा आकडा ती निमूटपणे पुढे पाठवते आणि तो वाचणाऱ्याला संशयही येत नाही.

उत्तराचे तीन भाग

टपालाने आलेल्या पाकिटाशी तुलना केली, तर एचटीटीपीच्या उत्तराची रचना सहज ध्यानात येते. पहिला भाग म्हणजे पाकिटावरचा शेरा, अर्थात तीन आकडी स्थितिदर्शक क्रमांक. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही, ४२९ म्हणजे फार वेळा विचारणा झाली आणि ५०० म्हणजे सर्व्हरवरच बिघाड झाला. दुसरा भाग म्हणजे पाकिटावरील इतर नोंदी, म्हणजेच ‘हेडर’. आत काय आहे, ते कोणत्या लिपिसंकेतात आहे, पुन्हा कधी विचारावे, हे त्यात लिहिलेले असते. तिसरा भाग म्हणजे आतले पत्र, ज्याला ‘बॉडी’ म्हणतात.

ही रचना पहिल्या दिवसापासून नव्हती. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या मूळ आवृत्तीत शेरा नव्हता आणि नोंदीही नव्हत्या. सर्व्हर थेट पान पाठवीत असे. काही बिनसले, तर तेही पानावरच लिहून येई. माणूस ते वाचून समजून घेई, यंत्राला मात्र चांगले पान आणि चुकीची सूचना यांतील फरक कळण्याचा मार्ग नव्हता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.० या आवृत्तीच्या दस्तऐवजात शेरा आणि नोंदी यांना रीतसर स्थान मिळाले. केवळ बॉडी वाचणारा प्रोग्रॅमर नकळत १९९१ मध्ये परत जातो, असे म्हणायला हरकत नाही.

ग्रंथालये सारखी वागत नाहीत

एचटीटीपीचे व्यवहार सोपे करण्यासाठी प्रोग्रॅमर तयार ‘लायब्ररी’ वापरतात. पायथॉन भाषेतील ‘रिक्वेस्ट्स’ ही केनेथ राइट्झ यांनी २०११ मध्ये आणलेली लायब्ररी त्यांपैकी विशेष लोकप्रिय. तिच्यात उत्तराची एक वस्तू हाती येते. ‘स्टेटस कोड’, ‘हेडर्स’, ‘टेक्स्ट’, ‘कंटेंट’ अशा नावांनी तिचे वेगवेगळे भाग पाहता येतात आणि ‘जेसन’ ही पद्धत मजकुराची थेट यादी वा कोश करून देते.

गोम अशी, की सर्व्हरने ४०४ वा ५०० असा शेरा मारला, तरी रिक्वेस्ट्स स्वतःहून तक्रार करीत नाही. ‘रेझ फॉर स्टेटस’ ही पद्धत आपण बोलावली, तरच ती कार्यक्रम थांबवते. ब्राउझरमधील ‘फेच’चेही तसेच. उत्तर पोहोचले, एवढ्यावर ते समाधान मानते. शेरा बरा की वाईट, हे ‘ओके’ या गुणधर्मावरून आपणच तपासायचे. याउलट, ‘ॲक्सिऑस’ ही लायब्ररी २०० ते २९९ बाहेरचा शेरा आला, की एरवी तो व्यवहार फसला असेच धरते. एका लायब्ररीची सवय झालेला माणूस दुसरीकडे वळला, की येथेच ठेच लागते.

दोन की दोनशे?

‘गिटहब’ या संकेतस्थळाच्या एपीआयचे उदाहरण घेऊ. एखाद्या संस्थेचे २०० सार्वजनिक प्रकल्प आहेत आणि ते मोजायचे आहेत, असे समजा. विचारणा केली, की यादी येते, पण ती ३० नावांची. कारण गिटहब एका पानावर एरवी ३० नोंदी देते. मागितल्यास कमाल १००. पुढचे पान आहे की नाही, हे यादीत कोठेही लिहिलेले नसते. ते ‘लिंक’ नावाच्या हेडरमध्ये असते. हेडर न पाहणारी आज्ञावली ‘३० प्रकल्प’ असे आत्मविश्वासाने सांगून मोकळी होते. रिक्वेस्ट्समध्ये ‘लिंक्स’ हा गुणधर्म तो पत्ता उलगडून देतो, तो संपेपर्यंत पाने मागवीत राहावे लागते.

दुसरी अडचण मर्यादेची. ओळख न देता विचारणा केल्यास गिटहब तासाला ६० वेळाच उत्तर देते. त्यानंतर ४०३ किंवा ४२९ असा शेरा येतो. सोबत जेसन स्वरूपातील मजकूरही असतो. मात्र त्यात यादी नसून सूचनेचा संदेश आणि माहितीपानाचा पत्ता अशी मोजकी कलमे असतात. शेरा न वाचता त्यांचीच मोजणी केली, तर प्रकल्पांची संख्या दोन-तीन भरते! किती विचारण्या शिल्लक आहेत आणि मर्यादा पुन्हा कधी खुली होईल, हे दोन्ही हेडरमध्ये नोंदलेले असते.

मराठी अक्षरांचा प्रश्न

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना हेडरचा संबंध अधिक जवळून येतो. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. मजकूर ‘टेक्स्ट’ प्रकारचा आहे असे सर्व्हरने ‘कंटेंट टाइप’ हेडरमध्ये सांगितले, पण लिपिसंकेत सांगितला नाही, तर रिक्वेस्ट्स जुन्या नियमानुसार पाश्चात्त्य युरोपीय भाषांचा ‘आयएसओ ८८५९-१’ हा संकेत गृहीत धरते. मग प्रत्येक बाइट वेगळे अक्षर ठरते. ‘म’च्या जागी तिरकी मात्रा दिलेले रोमन अक्षर, चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि नोंदणीकृत बोधचिन्हाची खूण अशी तीन चिन्हे उमटतात. पाच चिन्हांच्या शब्दाची १५ चिन्हांची खिचडी होते.

हा दोष फाँटचा नाही. मूळ बाइट ‘कंटेंट’मध्ये शाबूत असतात. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे याची खात्री असेल, तर ‘टेक्स्ट’ वाचण्यापूर्वी ‘एन्कोडिंग’ या गुणधर्मात तसे नोंदवावे, म्हणजे मराठी पूर्ववत दिसते. हे न करता ती खिचडीच माहितीसाठ्यात जतन केली, तर पुढे ती निस्तरणे जिकिरीचे होते.

क्रम लक्षात ठेवा

तेव्हा आधी शेरा पाहावा. मग मजकुराचा प्रकार आणि लिपिसंकेत तपासावा. जेसनऐवजी लॉगिनचे पान तर आले नाही ना, हे तेथेच कळते. त्यानंतर मजकूर उघडावा आणि पुढचे पान आहे का, हे पाहावे. विचारणा फसली, तर शेरा, हेडर आणि मजकुराचा आरंभीचा भाग नोंदवहीत उतरवून ठेवावा. या तपासणीला चार-पाच ओळी अधिक लिहाव्या लागतात. त्या नसतील, तर पडद्यावरचा आकडा खरा की सर्व्हरच्या नकाराचा, हे सांगणे आज्ञावली लिहिणाऱ्यालाही अवघड जाते.