पायरोमॉर्फाइट : शिशाचे हिरवे खनिज

फॉस्फेट हा शब्द आपल्या बहुतेकांना खताच्या पोत्यावरून माहीत असतो. त्याच फॉस्फेटचा शिशाशी संयोग झाला की पोपटी-हिरवे पायरोमॉर्फाइट तयार होते. दिसायला ते मोहक आहे. परंतु विषारी शिशाला मातीत जखडून ठेवण्याचा गुण त्याच्या अंगी असल्यामुळे आम्ही हा विषय निवडला आहे.

या खनिजात शिशाचे पाच अणू, फॉस्फेटचे तीन गट व क्लोरीनचा एक अणू असे प्रमाण असते. वजनाचा तीन-चतुर्थांश भाग शिसेच असल्याने लहानसा खडाही हाताला जड लागतो. विशिष्ट गुरुत्व ७ च्या आसपास आहे. काठिण्य ३.५ ते ४, म्हणजे चाकूने ओरखडा पडतो. स्फटिक षट्कोनी खांबासारखे, चकाकी राळेसारखी. पिवळे व तपकिरी नमुनेही मिळतात. ग्रीक भाषेतील 'अग्नी' व 'रूप' या शब्दांवरून हाउसमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८१३ साली हे नाव दिले, कारण वितळलेला थेंब थंड होताना पुन्हा पैलूदार आकार घेतो.

आता हे बनते कसे ते पाहू. शिशाचे मूळ खनिज गॅलिना. त्यात शिसे व गंधक असतात. भूपृष्ठाजवळ पावसाचे पाणी व हवा गॅलिनापर्यंत झिरपतात, ते हळूहळू गंजते आणि शिसे मोकळे होते. आसपासच्या खडकातील अ‍ॅपेटाइट या खनिजातून, तसेच कुजलेल्या जीवांपासून पाण्यात फॉस्फेट येते. क्लोराइड तर भूजलात असतेच. तिन्ही एकत्र आले की खडकाच्या पोकळीत हिरवे स्फटिक धरतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, हे महत्त्वाचे.

अमेरिकेतील आयडाहो राज्यात केलॉग गावी बंकर हिल ही खाण आहे. तिचे पायरोमॉर्फाइट संग्राहकांत प्रसिद्ध आहे. त्याच ठिकाणच्या शिसे वितळविण्याच्या कारखान्यात १९७३ साली धूळ गाळणारी यंत्रणा आगीत सापडली, तरी उत्पादन चालूच ठेवले गेले! १९७४ मध्ये तपासणी झाली तेव्हा कारखान्यालगतच्या जवळजवळ सर्व मुलांच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ हीच दखल घेण्याची पातळी मानली जाते. शिशाचा घाला मुलांच्या मेंदूवर पडतो. आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम जेथे उघड्यावर चालते, तेथेही माती अशीच बिघडते.

शास्त्रज्ञांनी मग निसर्गाचीच रीत उचलली. प्राण्यांची हाडे म्हणजे मुख्यतः अ‍ॅपेटाइटच्याच जातीचे कॅल्शियम फॉस्फेट. (शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते, तेही कॅल्शियमची जागा घेऊनच.) २०११ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात एका वस्तीच्या अंगणांत माशांच्या हाडांचा चुरा मिसळण्यात आला. त्यातील फॉस्फेट शिशाला धरते व पायरोमॉर्फाइट बनते; अशी माती मुलाच्या पोटात गेली तरी शिसे पूर्वीपेक्षा कमी सुटते.

मात्र शिसे नाहीसे होत नाही, अंगणातच राहते. शिवाय मातीत आर्सेनिक असेल तर फॉस्फेट त्याला जागेवरून हुसकावून पाण्यात सोडू शकते. म्हणून आधी मातीची तपासणी, मगच हाडांचा चुरा.