दुखत नाही तोवर

माझ्या खालाची पाळी कधीच गेली होती, तरी पुन्हा लाल जाऊ लागलं. ‘‘दुखत नाही ना,’’ म्हणत तिनं वर्ष काढलं. मग उशीर झाला होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग आधी दुखतच नाही, श्रोतेहो! एचपीव्ही विषाणूची लागण बहुतेकींची आपोआप जाते. एखादीची मुक्काम ठोकते. तिथून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं. एवढी सवड दुसरा कुठला आजार देतो?

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ चा निष्कर्ष असा, की एचपीव्ही तपासणी एकदाच मिळालेल्या गटात या रोगाचे मृत्यू तपासणी नसलेल्या गटाच्या जवळपास निम्मे. मऊ ब्रशनं स्राव घ्यायचा, बस्स.

परवा खालाच्या सुनेला घेऊन गेले. नाव पुकारेपर्यंत ओढणीचं टोक पिळत बसली होती. बाहेर आली नि म्हणाली, ‘‘इतकंच?’’