हट्टी मूल आणि गुणी मूल

दुसरा वाढदिवस जवळ आला कीं बाळाच्या तोंडीं "नाहीं" हा शब्द ठाण मांडून बसतो. जेवण नाहीं, आंघोळ नाहीं. आवडीचा लाडूहि आधीं नाहीं म्हणून मग खावयाचा! आजोबा म्हणतात, "पोर हट्टी निघालें." आत्याबाई आईच्या लाडांना बोल लावितात, आणि बिचारी आई सर्वांदेखत त्याला धपाटा घालून मोकळी होते. हा धपाटा अन्यायाचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बाळाच्या नकळत त्याच्या नाकाला कुंकवाचा टिपका लावून त्याला आरशापुढें बसवावें. वर्षाचें मूल आरशांतल्या बाळाकडे पाहून हंसतें. दोन वर्षांच्या सुमाराचें मूल बहुधा स्वतःच्याच नाकाला हात लावितें. बेउला ॲम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं असा प्रयोग १९७२ सालीं प्रसिद्ध केला. आपण कोणी निराळे आहों हें ज्याला उमगलें, त्याला आपली मर्जीहि निराळी आहे हें उमगावयाचेंच. शिवाय या वयांत समजतें पुष्कळ, बोलतां येतें थोडें. मग तें जमिनीवर अंग टाकतें. अशा वेळीं "आंघोळ करतोस का?" असें न विचारतां "आधीं पाय धुवूं कीं हात?" असें विचारावें. पुष्कळदां तेवढ्यानें भागतें.

आम्हांस खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच मुलाची. आमच्या नात्यांतील एका मोठ्या घरांत एक मुलगी तासन्‌तास वाट्या मांडून मुकाट खेळे. "मोठी गुणी पोर!" असें सारीं म्हणत. बोलत नाहीं म्हटलें तर "हिचा बापहि उशिराच बोलला" हें उत्तर तयार. दहा हातांच्या घरांत मागण्यापूर्वींच वस्तु हजर होते, मग शब्दांची उणीव कोणाला भासणार? एके दिवशीं तिच्या पाठीमागें परात दणकन् पडली. माजघरांतलीं सारीं दचकलीं. हिनें मानहि वळविली नाहीं. तिला फारच कमी ऐकूं येतें, असें तपासणींत निघालें. कानाला यंत्र बसलें, परंतु तोंवर तीन वर्षें उलटलीं होतीं, आणि भाषा शिकण्याचा ऐन काळ निसटला होता.

दोन वर्षें पुरीं होतांना मुलाजवळ सुमारें ५० शब्द असावेत. "दूध दे", "बाबा गेले" असे दोन शब्द त्यानें जोडावेत. तसें नसेल, हांकेला तें वळत नसेल, किंवा आलेले शब्द मावळले असतील, तर वाट न पाहतां बालरोगतज्ज्ञांस दाखवावें आणि कान तपासून घ्यावेत. तपासणीस मुलाला बोलतां यावें लागत नाहीं. निजलेल्या मुलाचेंहि ऐकणें यंत्रानें मोजतां येतें.