‘क्षीरसागर’ कुठे शोधायचा?

बर्डीवर (बाहेरगावच्यांसाठी सीताबर्डी!) खोली करून राहणाऱ्या आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून एका छोट्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये लिहायला घेतलं. कामं वाटली, पण नावं कशी द्यायची हे कोणी ठरवलंच नाही.

सभासदाच्या पत्त्याला मी ‘मेंबर_ॲड्रेस’ म्हटलं. पार्टनरने तेच नाव जोडून, मधला ‘ए’ कॅपिटल ठेवून लिहिलं. आता पायथॉनची गंमत अशी, की ऑब्जेक्टवर नसलेल्या नावाने किंमत ठेवली तर तो तक्रार करत नाही, गुपचूप नवीन ॲट्रिब्यूट तयार करतो. त्यामुळे बदललेला पत्ता पार्टनरच्या नावात जायचा आणि छापताना माझ्या नावातला जुनाच निघायचा. एरर नाहीच! दोन रात्री गेल्या. “अबे, आधी सांगता नाही आलं काय?” हे दोघांनीही एकमेकांना म्हणून झालं.

शेवटी ‘पेप ८’ उघडलं. पायथॉनवाल्यांची ही नियमावली २००१ सालची. फंक्शन आणि व्हेरिएबल लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. क्लासच्या नावात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. इम्पोर्ट तीन गटांत – आधी स्टँडर्ड लायब्ररी, मग बाहेरच्या, मग आपल्या. गटाच्या आत अक्षरक्रम लावायचा हे आमचं आम्ही ठरवलं, म्हणजे तीच ओळ दोघं दोन जागी टाकत नाहीत. पार्टनर अजूनही अंडरस्कोरवर नाराज आहे, पण लिहितो.

खरा घोळ मात्र पुढेच होता. सभासदांची यादी पाहून वाचनालयातले काका म्हणाले, “बेटा, क्षीरसागर ‘क’मध्ये काहून?” त्यांच्या रजिस्टरमध्ये वर्णमालेप्रमाणे ह, मग ळ, क्ष, ज्ञ. संगणक मात्र युनिकोडचे क्रमांक बघतो. त्याच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त, ष. म्हणून क्षीरसागर कोलतेंच्या मागे आणि खरेंच्या पुढे. ‘ळ’ही तिथे ‘ल’ला चिकटून आहे (०९३२, ०९३३), त्यामुळे काळे काशीकरांच्या आधी. रजिस्टरमध्ये उलटं! संगणकाची चूक नाही, आपण त्याला मराठीचा क्रम सांगितला नव्हता. मग अक्षरांचा तक्ता बनवला, क्ष आणि ज्ञ अख्खं अक्षर धरलं, आणि सॉर्टला तोच तक्ता ‘की’ म्हणून दिला.

तरी वस्तीवार यादीत आमचीच वस्ती तीनदा आली: सीताबर्डी, सिताबर्डी, बर्डी. इंग्रजांनी तर १८१७च्या लढाईपासून ‘बर्डी’चं ‘बल्डी’ करून ठेवलंय. इथे सॉर्टिंगचा काही उपयोग नव्हता. वस्ती टाइप करणं बंद केलं, निवडायची यादी दिली, प्रत्येकीला एक कोड. काकांना विचारून ‘सीताबर्डी’, दीर्घ सी, पक्की झाली.

‘महाल’ की ‘महल’, यावर काका आणि पार्टनर अजून भांडताहेत.